हाऊसफुल्लची पाटी

माझी जीभ तिखट आहे, हे तिसगावात कुणालाही विचारा. गिरणीवर बसणाऱ्या बाईला तशी जीभ लागतेच, नाहीतर जो तो आपलाच डबा आधी लावतो. पण आता सांगते आहे तो राग रोजचा नाही. तीन महिने झाले, अजून कुणी माझ्यासमोर सिनेमाच्या कोटींचा विषय काढला की माझं डोकं तापतं.

आधी मार्थाबाईंबद्दल सांगायला हवं. गिरणीच्या मागंच त्यांचं घर. साठी ओलांडलेली, अंगानं काटकुळी बाई, पण आवाज असा की रविवारी चर्चमध्ये गीत म्हणायला लागल्या की रस्त्यानं जाणारी माणसं थांबतात. त्याच आवाजात त्या शिव्याही देतात. घाणेरड्या नव्हेत, रचून, पायरी-पायरीनं वर चढत जाणारे शाप. मागच्या वर्षी आमच्याकडं एका मराठी सिनेमाचं शूटिंग आलं. त्यांची गाडी थेट मार्थाबाईंच्या वाळत घातलेल्या बाजरीवर जाऊन उभी राहिली. मार्थाबाई बाहेर आल्या आणि त्यांनी ड्रायव्हरपासून डायरेक्टरपर्यंत एकालाही सोडलं नाही. डायरेक्टरनं शेवटी हात जोडले आणि म्हणाला, "मावशी, हेच कॅमेऱ्यासमोर द्याल का?"

तर त्यांना सिनेमात घेतलं. कागदावर बंधारा बांधून बिलं उचलणाऱ्या ठेकेदाराला भर गावात शाप देणारी म्हातारी. एकच सीन, पण शूटिंगच्या वेळी तो बघून लाईटवाल्या पोरांनीसुद्धा टाळ्या वाजवल्या.

शूटिंग बघायला आले नाहीत ते एकटे याकोबदादा. मार्थाबाईंचा नवरा, हाडाचा गवंडी, चर्चचे पंच. ते एवढंच म्हणाले, "ज्या तोंडानं देवाचं गीत म्हनायचं, त्याच तोंडानं चारचौघांत शिव्या?" आणि त्या दिवसापासून त्यांनी बायकोशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जेवायला वाढ, दार लाव, बास. मार्थाबाई शिव्यांना घाबरणारी बाई नाही, पण ह्या मुक्या माणसानं त्यांना पार खाऊन टाकलं. दळण टाकायला यायच्या आणि पट्ट्याच्या आवाजात डोळे पुसून घ्यायच्या. मला कळत नाही असं त्यांना वाटायचं.

मग सिनेमा लागायची तारीख आली. नगरला एकच शो, शनिवारी दुपारी बाराचा. (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडाला नगरच येतं.) मार्थाबाईंनी नवऱ्याला भीत भीत विचारलं. याकोबदादा चपलेचा अंगठा सारखा करत म्हणाले, "येतो. बगतो काय केलंय ते. मंग बोलू." मार्थाबाई धावत गिरणीवर आल्या. "सत्यशीला, ते मंग बोलू म्हनले गं!" एवढ्यासाठी सगळा गाव तयार झाला. गावातल्या बिभीषणनं आपला कांद्याचा टेम्पो धुऊन काढला आणि खाली सतरंज्या अंथरल्या.

आता माझा भाचा आदिनाथ. माझ्या भावाचा मुलगा, तिशीचा गडी, नगरला मोबाईलचं दुकान. त्याला एका मोठ्या हिरोचं वेड. सुट्टीच्या दिवशी येतो तेव्हा गिरणीत बसून मला मोबाईलवर आलेख दाखवतो. ह्या सिनेमानं पहिल्या दिवशी देशात किती गल्ला जमवला, त्यानं किती, दहा वर्षांपूर्वीच्या त्यानं किती. त्याच्या हिरोच्या सिनेमाचा दुसरा भाग यायचा होता आणि त्यानं पहिल्या भागाला मागं टाकलंच पाहिजे, असा ह्याचा नवस.

"तेव्हा तिकीट किती होतं रे? आन् आता किती?" मी एकदा विचारलं.

"आत्या, ते धरत नाहीत."

"का धरत न्हाईत? मंग मीबी सांगते गावाला, सासूच्या दसपट गिरनी चालवते म्हनून. त्या पायलीला चार आने घ्यायच्या. दळन तेवढंच हाय की!"

"तुला कळायचं नाही. परदेशातला आकडा वेगळा, देशातला वेगळा. देशातल्या आकड्यात आपला जिल्हा मागं राहायला नको."

आमच्या लहानपणी मढीच्या जत्रेत सिनेमाचा तंबू लागायचा. चांगला सिनेमा कुठला, तर जो पुढच्या जत्रेला लोक परत मागून घ्यायचे तो. बायका चूल सारवताना त्यातले संवाद म्हणायच्या. कुणी गल्ला विचारला नाही. हे मी आदिनाथला सांगितलं, तर तो मोबाईलमध्ये बघत हसला.

शनिवारी आम्ही निघालो. याकोबदादा पुढं बिभीषणशेजारी, पांढरा शर्ट, चष्मा तीनतीनदा पुसलेला. मार्थाबाई मागं आमच्यात, नवं पातळ नेसून, हात मांडीवर घट्ट धरून. एवढी धीट बाई, पण करंजीचा घाट ओलांडेपर्यंत चारदा विचारलं, "बाराच्या आत पोचू न्हवं?" शेजारी बसलेल्या मनकर्णाबाईंनी एवढं काय भ्यायचंय विचारलं, तर म्हणाल्या, "त्यांना आवडलं पायजे बाई. बाकी कुनाचं मला काय करायचंय."

थिएटरवर पोचलो तर दारात त्या हिरोचा दुमजली पुतळा, पुठ्ठ्याचा. त्याच्या डोक्यावरून पोरं पिशव्या फोडून दूध ओतत होती. आमच्या टेम्पोत निम्म्या बायका डेअरीला दूध घालणाऱ्या. त्यांनी ते बघितलं आणि तोंडं फिरवली. तिकीट खिडकीपाशी एका स्टँडवर 'हाऊसफुल्ल'ची लाकडी पाटी, तिला झेंडूचा हार.

मी खिडकीवर गेले. "मराठी सिनेमाची तिकिटं द्या. टेम्पोभर माणसं हायेत."

"तो शो कॅन्सल झाला, मावशी. एकही बुकिंग नव्हतं."

"बुकिंग कशाला? आमी आलोय की."

"ॲपवर करायचं असतं. सकाळी दहाला बघितलं, शून्य होतं. मग तिथं मोठा सिनेमा लावला. त्याला मागणी आहे, दोन्ही पडदे फुल."

तिकीट आधी काढून ठेवायचं असतं, हे आमच्यातल्या कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तंबूची तिकिटं खिडकीवरच मिळायची आणि माणूस दारात उभा राहिला की तो आलाय, हे कळायला दुसरं काही लागायचं नाही.

"ही एवढी माणसं तुला दिसत न्हाईत?"

"सिस्टीममध्ये नाहीत ना, मावशी."

मी तिथून निघाले ते सरळ आत. दारावरचा पोऱ्या "ओ, ओ" करत मागं आला, पण मी पडदा बाजूला सारून आत डोकावले. बाहेर हाऊसफुल्ल आणि आत खुर्च्या रिकाम्या! मधल्या रांगेत चार-सहा जोडपी, मागं एक झोपलेला माणूस. बाकी सगळ्या लाल खुर्च्या नुसत्या पडद्याकडं तोंड करून बसलेल्या.

बाहेर आले तर समोर आदिनाथ. अंगात काळा टी-शर्ट, छातीवर हिरोचं तोंड.

"आत्या! तू इकडं कशी?"

"आत मान्सं का न्हाईत रे?"

तो खुशीतच होता. सांगून मोकळा झाला. त्यांच्या ग्रुपनं दोन दिवसांचे शो आख्खेच्या आख्खे बुक केले होते. प्रत्येकानं वर्गणी काढली, शिवाय वरून कुणीतरी मदत पाठवली. शो फुल दिसले की थिएटरवाला आणखी शो लावतो, शो वाढले की आकडा वाढतो. पहिल्या भागाच्या वेळी हे सुचलं नव्हतं, म्हणून नगर मागं राहिलं.

"म्हंजे मार्थाबाईचा शो तू खाल्लास."

त्याचा चेहरा जरासा उतरला, नाही असं नाही. "मला काय माहीत तोच शो काढतील? अन् तुम्ही बुकिंग करायचं ना." मग त्यानं माझ्या मागं उभ्या असलेल्या बायाबापड्यांकडं बघितलं आणि त्याचे डोळे एकदम चमकले. "आत्या, असं कर, सगळ्यांना आत बसव. फुकट! गार हवा आहे, पॉपकॉर्न मी देतो. आम्हाला भरलेल्या हॉलचा फोटो पाठवायचाच आहे. खेड्यातून बायका टेम्पो करून आल्या, असं टाकतो. कसलं चालेल ते!"

ह्याला मी मांडीवर खेळवलंय. त्याच्या तोंडाकडं बघून मला वाटलं, ह्याच्या कानफटात दिली तर रिकाम्या हॉलसारखा नुसता आवाज घुमेल, ह्याच्याही आत कुणी नसेल.

मनकर्णाबाई हळूच म्हणाल्या, "बसायचं का गं? उन्हाचं एवढं आलोय..." मी नुसतं बघितलं, तशा त्या दोन पावलं मागं सरकल्या. आणि मग आम्ही सगळे मार्थाबाईंकडं वळलो. आता ही बाई तोंड उघडणार आणि त्या दुमजली पुतळ्याचा पुठ्ठा फाटणार, अशी सगळ्यांची खात्री होती. मी तर वाटच बघत होते.

मार्थाबाईंचं तिकडं लक्षच नव्हतं. पायऱ्यांवर याकोबदादा बसले होते, त्यांच्याकडं बघत उभ्या राहिल्या. दादांनी विचारलं, "सुरू झाला का?" कुणीतरी सांगितलं, सिनेमा न्हाई दाखवत. दादा म्हणाले, "बरं." उठले, पॅन्टची धूळ झटकली आणि टेम्पोत जाऊन बसले. त्या 'बरं'नं मार्थाबाईंचं तोंड कसं झालं, ते मी सांगू शकत नाही. आठ महिने ज्या एका दिवसाच्या आशेवर काढले, तो दिवस ह्या काळ्या शर्टांच्या टोळीनं रिकाम्या खुर्च्यांना वाटून टाकला होता.

मग जे करायचं ते मीच केलं. स्टँडवरची पाटी उचलली, हारासकट. खिडकीतला ओरडला, "ओ मावशी, बोर्ड! बोर्ड कुठं नेता?"

"जिथं मान्सं हायेत तिथं नेते!"

आदिनाथ आडवा आला. "आत्या, तमाशा करू नको, माझी इथं इज्जत आहे."

"तुझी इज्जत त्या खुर्च्यांवर बसलीय. तिला पॉपकॉर्न चार, जा."

पाटी टेम्पोत टाकली, सगळे चढले आणि मागचा फाळका लावला. बिभीषणनं काही न विचारता गाडी काढली.

परतीचा रस्ता कसा गेला विचारू नका. भाकरी बांधून आणली होती, कुणी सोडली नाही. करंजीच्या घाटापाशी आलो आणि इंजिन तापलं म्हणून बिभीषणनं गाडी बाजूला घेतली. तेवढ्यात माझा मोबाईल वाजला. आदिनाथचा मेसेज: 'आत्या राग सोड. मोडला! नगरनं पहिल्या भागाचा रेकॉर्ड मोडला.' मी तो मोठ्यानं वाचला, कारण एकटीला तो राग पेलवेना.

याकोबदादा खाली उतरले होते. ते ऐकून मागं आले, फाळक्यापाशी उभे राहिले. त्यांनी ती पाटी बघितली, आम्हाला बघितलं, आणि म्हणाले, "मार्था, म्हन."

"काय म्हनू?"

"त्या सिनेमात म्हनलीस ते."

"तुमाला चालनार न्हाई."

"म्हन म्हनतोय न्हवं?"

मार्थाबाई टेम्पोत उभ्या राहिल्या. मी पाटी सरकवून जागा केली. त्यांनी पदर कमरेला खोचला. आणि आवाज लावला.

"अरं ठेकेदारा! कागदावर बंधारा बांधलास न्हवं? मंग कागदावरचंच पानी पी! तुझी जनावरं कागदावरच्या पान्यावर जगू दे! तुझ्या घरच्या लग्नाला कागदावरची मान्सं येऊ दे, कागदावर जेवू दे, कागदावर नाचू दे! तू आजारी पडलास तर कागदावरचा डाक्टर तुझी नाडी बगू दे! आन् ज्या दिशी तुझ्या घशाला कोरड पडंल, तवा घोटभर पानी पाजाया तुझ्या उशाशी एक बी खरं मानूस नसू दे!"

पलीकडं रस्त्यात एक ट्रकवाला थांबून बघत होता. आमच्यातलं कुणी हललं नाही. मनकर्णाबाई पदरात तोंड घालून रडत होत्या. मार्थाबाई धापा टाकत उभ्या, नजर फक्त नवऱ्यावर.

याकोबदादांनी चष्मा काढून शर्टाला पुसला. परत घातला. म्हणाले, "ह्यात देवाला राग येन्यासारकं काय न्हाई. मी उगाच येवढे दिवस..." फाळका धरून ते वर चढले. पुढची जागा सोडून मागं बायकांत, मार्थाबाईंच्या शेजारी सतरंजीवर बसले. आणि गाडी सुरू झाल्यावर हळूच म्हणाले, "पडद्यावर लई मोठी दिसली असतीस गं."

मार्थाबाई तेव्हा रडल्या. थिएटरवर आलं नव्हतं ते सगळं रडणं आलं.

मी त्याच क्षणी आदिनाथला फोन लावला. "तुमच्या थेटरची पाटी मार्थाबाईच्या दारात ठिवतीया. न्यायची आसंल तर तू ये, तो काळा शर्ट घालून ये, आन् याकोबदादांच्या डोळ्यांत बगून सांग कुनाचा रेकॉर्ड मोडला ते."

तो अजून आलेला नाही. दोघं नवराबायको आता संध्याकाळी दारात बसून बोलत असतात, आणि मार्थाबाई त्या पाटीवर कुरडया वाळत घालतात. सिनेमा परत कुठंच लागला नाही.