खारा हात

करीमभाईंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि मगच ते टेबलाजवळ गेले.

खंडेनवमी होती. भोसरीतल्या त्या कारखान्यात आज यंत्रं बंद होती आणि गेट घरच्या माणसांसाठी उघडं होतं. लेथला झेंडूच्या माळा, ग्राइंडरला हळदकुंकू, जो तो पेढे वाटत हिंडतोय. प्रशिक्षण विभागात शिकाऊ उमेदवारांनी परीक्षेसाठी घडवलेले सुटे भाग, कारखान्याच्या भाषेत जॉब, हिरव्या कापडावर मांडून ठेवले होते. करीमभाईंच्या लेकीचा, जुबेदाचा जॉब कडेला होता: पोलादाचे दोन तुकडे, एकात एक असे बसवलेले की उजेडाला धरूनही मधली फट सापडू नये. दसऱ्याची सुट्टी संपली की बाहेरचे परीक्षक येणार होते. त्यांना जॉब पसंत पडला तर जुबेदाला इथंच, तयार भागांची मापं तपासायच्या खोलीत, कायमची नोकरी. त्यावर डाग निघाला तर सगळं शिकणं पाण्यात.

"अब्बा, हातात घेऊन बघा ना," जुबेदा म्हणाली.

"दिसतंय की इथून."

"एवढी खपलीय पोर," सुगराबी नवऱ्याच्या कानाशी लागून म्हणाल्या. "बाकीचे बघा, कसे पोरांच्या पाठीवर थाप मारतायत. तुम्ही आपले पाहुण्यासारखे उभे!"

करीमभाईंनी पाठीमागची बोटं आणखी घट्ट गुंफली. भवानी पेठेत त्यांचा स्वतःचा लेथ होता. पुल्या, बुश, पंपाचे दांडे, असली दणकट कामं त्यांच्याकडे येत. जुबेदाची इथं निवड झाली, कारखाना शिकवणार आणि वर महिन्याला विद्यावेतनही देणार असं कळलं, तेव्हा सगळ्या मोहल्ल्यानं तिचं कौतुक केलं. बापानं मात्र तोंडाला कुलूप घातलं. घरचा लेथ टाकून पोरगी परक्याच्या दारात चालली म्हणून रुसलेत, असं सुगराबींनी ठरवून टाकलं. जुबेदालाही तेच वाटलं. ते मनात घेऊनच ती रोज भोसरीची बस धरायची.

खरं कारण करीमभाईंनी कुणालाच सांगितलं नव्हतं. तिच्याच वयाचे असताना तेही असेच एका कारखान्यात शिकाऊ म्हणून लागले होते. कामात कुणी नाव ठेवायचं नाही. पण संध्याकाळी लखलखीत ठेवलेल्या जॉबवर सकाळी त्यांच्या बोटांचे तपकिरी ठसे उठलेले असायचे. त्यांनी हात साबणानं धुऊन पाहिले, राखेनं घासून पाहिले. काही माणसांच्या घामातच तसा खार असतो, आणि पोलादाला तो सोसत नाही. एके दिवशी फोरमननं त्यांचं मनगट चोराचं धरावं तसं धरलं, पंजा सगळ्यांसमोर उलटा करून दाखवला आणि म्हणाला, हा खारा हात आहे, इथं चालायचा नाही. ते शिक्षण तिथंच संपलं. पुढं घरातल्या कात्रीवर जुबेदाच्याही बोटांचे तसेच ठसे उठू लागले, ते करीमभाईंनी एकट्यानं पाहिलं आणि पोटात ठेवलं. ती कारखान्यात जायला लागल्यापासून संध्याकाळी दार वाजलं की ते आधी तिचा चेहरा बघायचे. आज हाकललं असेल, याच भीतीनं.

तिला शिकवणारे श्रीनिवास सर पेढ्यांचं ताट घेऊन आले.

"काय हो, तुमचा तर स्वतःचा लेथ आहे म्हणे. मग लांबून काय बघताय? हे काही देवघर नाही. उचला, बघा."

"नको सर. उगाच हात दाखवून अवलक्षण कशाला?" करीमभाई म्हणाले, आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं त्यांच्या तोंडून निघूनच गेलं. "पोलादाला माझा हात लागला की गंज चढतो."

सुगराबी त्यांच्याकडे बघतच राहिल्या.

"मग? हिचाही तसाच आहे," सर म्हणाले. "आल्या आल्या आमची मोजायची सगळी पोलादी मापं तपकिरी करून ठेवली बाईसाहेबांनी. दिले हातमोजे. फिरत्या यंत्रापाशी घालायचे नाहीत, तयार जॉब उचलताना घालायचे. मिटलं. पेढा घ्या."

करीमभाईंनी पेढा घेतला नाही.

"हातमोजे," ते म्हणाले. "सुती?"

"सुतीच. मखमलीचे द्यायला कारखाना काही एवढा श्रीमंत नाही."

सर पुढच्या टेबलाकडे गेले. जुबेदा वडिलांकडे पाहत होती. अब्बा रुसले नव्हते, भ्यायले होते, आणि तेही तिच्यासाठी, हे तिला आत्ता उमगलं आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं एप्रनच्या खिशातून हातमोजे काढले.

"घाला, अब्बा."

ते त्यांना लहान होत होते. शाळेत निघालेल्या मुलाला तयार करावं तसं तिनं एकेक बोट ओढून बसवलं. मग करीमभाईंनी जॉब उचलला. दोन्ही तुकडे सोडवले, पुन्हा एकमेकांत धरले. वरचा तुकडा आपल्याच वजनानं सावकाश खाली उतरून बसला. तो उतरेपर्यंत त्यांनी श्वास घेतला नाही.

जॉब कापडावर ठेवून त्यांनी तो वाकून चारी बाजूंनी पाहिला. डाग लगेच उठत नाही, मध्ये रात्र जावी लागते, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी पाहिला.

"एवढंच होतं," हातातल्या मोज्यांकडे बघत ते म्हणाले.

"काय एवढंच?" सुगराबींनी विचारलं.

हातमोजे काढून घ्यायला जुबेदा पुढं झाली, तशा करीमभाईंनी दोन्ही मुठी मिटून घेतल्या.

"राहू दे थोडा वेळ," करीमभाई म्हणाले, आणि त्यांनी जॉब पुन्हा उचलला.