एकेकट्या माशाची वाट

सरगूरजवळच्या बंधाऱ्याला माशांसाठी पायऱ्यापायऱ्यांची वाट बांधली, त्यानंतरचा हा पहिलाच हंगाम. आणि एकही मासा वर चढत नव्हता. खाली डोहात पोटात अंडी घेऊन खडस माशांनी गर्दी केली होती आणि वर ती वाट आखणाऱ्या निनादचा जीव टांगणीला लागला होता. आठवडाभरात नदी उतरणार. तोवर मासे गेले नाहीत तर यंदाची वीण वाया जाईल आणि वाटही बुजवावी लागेल, असं साहेबांनी बजावलं होतं.

चूक कुठे झाली ते सापडेना. म्हैसूरच्या प्रयोगशाळेत त्याने दोनशे मासे काचेच्या पाटात सोडून, पाण्याचा वेग वाढवत नेत प्रत्येकाचा दम तपासला होता. निकालात गडबड नको म्हणून एका वेळी एकच मासा. वाटेतली दारंही त्याच बेताची, एक मासा जाईल एवढी. माणूस चोख, यात वाद नाही. चोख माणसं चुकतात तीही अगदी मापात.

बंधाऱ्यावर पाण्याची पातळी टिपणारे मालोजीराव म्हैसूरच्या जुन्या मराठी घराण्यातले. चार दिवस त्यांनी गप्प राहून पाहिलं, मग म्हणाले, "ताकद आहे की हो त्यांच्यात, सार. पण ओंटी, एकेकटं जात नाहीत ते, अल्वा, खरं ना? सोबत लागते त्यांना."

सोबत म्हणताच निनादला जुनं आठवलं. सांगलीला वडील अंथरुणाला खिळले तेव्हा अदितीने, त्याच्या बायकोने, बरोबर चल म्हणून विनवलं होतं. तू खंबीर आहेस, एकटी निभावशील, असं सांगून हा प्रयोगातच राहिला. तिने निभावलंही. फक्त परत आली नाही, त्याला आता तीन वर्षं झाली.

दोघांनी मिळून दारांच्या बाजूच्या फळ्या काढल्या. दारं रुंद झाली, पाण्याचा जोर जरा नरमला. दुपारी पाच-सहा मासे एकमेकांना लगटून पहिली पायरी चढले, त्यांच्यामागे आणखी, मग रीघच लागली. मालोजीरावांनी नदीला हात जोडले. निनादला रडू फुटलं.

त्याने सांगलीला फोन लावला.

"अदिती, माझं चुकलं. मी तेव्हा यायला हवं होतं."

ती शांतपणे म्हणाली, "हो, हवं होतंस. आता मला एकटीची सवय झालीय, निनाद."

तिने फोन ठेवला. मासे अजून चढत होते, आणि ते मोजणं त्याचं कामच होतं.