निळ्या चपला

दोन वर्षांपूर्वी दारातून त्याच्या निळ्या चपला नाहीशा झाल्या, तेव्हा त्याने खापर बायकोच्या डोक्यावर फोडलं. जुनं दिसलं की फेकायचं हा तिचा सोसच, असं त्याचं म्हणणं. ती म्हणाली, तसं असतं तर सुरुवात तुझ्यापासूनच केली असती. पण चपला काही सापडल्या नाहीत आणि तो अधूनमधून तिला टोमणे मारल्याशिवाय राहिला नाही.

तेरा वर्षं तो देशाकडून फ्रीस्टाईल कुस्ती खेळत होता. कोपऱ्यात कायम थोरला भाऊ, तोच प्रशिक्षक. दादाने याच्यापायी नोकरी सोडली, लग्न लांबवलं, आणि इतकं लांबवलं की ते राहूनच गेलं. अशा माणसाला ‘मला आता नको’ हे कुठल्या तोंडाने सांगायचं? गुडघा दर पायरीला कुरकुरायचा. वजन उतरवायच्या आठवड्यात पाण्याचे घोटसुद्धा मोजावे लागायचे, आणि लेकीने नुसती हाक मारली तरी तो तिच्यावर खेकसायचा. मग स्वतःचीच लाज वाटायची. पण दादासमोर गेला की मूग गिळून बसायचा.

यंदा जागतिक स्पर्धेत ब्राँझची लढत होती. अकरा सेकंदं उरली असताना तो एका गुणाने पुढे होता. समोरचा बावीस वर्षांचा गडी पायात शिरला, गुडघ्याने ऐनवेळी दगा दिला आणि दोन गुण गेले. भोंगा वाजला.

हरल्याचं वाईट वाटेल म्हणून तो वाट बघत राहिला. ते काही वाटेना. उलट छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं, आणि लगेच दादाची धास्ती बसली.

हात मिळवून झाल्यावर तो मॅटच्या मधोमध खाली बसला. कुस्तीगिरांत रीतच आहे, ज्याला खेळ सोडायचा तो आपले बूट मॅटवर ठेवून जातो. एकदा ठेवले की परत घालायचे नाहीत. उजवा बूट निघाला. डाव्याची नाडी धरून त्याने कोपऱ्याकडे पाहिलं. दादाचा चेहरा जरा जरी पडलेला दिसला असता, तर त्याने उजवा पुन्हा चढवला असता.

दादा त्याच्याकडे बघतच नव्हता. पिशवीतून टॉवेल, बाटली, गुडघ्याच्या पट्ट्या उपसत काहीतरी शोधत होता. अगदी तळातून त्याने निळ्या चपला काढल्या आणि मॅटच्या कडेला, पाय घालता येतील अशा, नीट जोडून ठेवल्या.

त्याचा जीव भांड्यात पडला. डावा बूट त्याने ओढूनच काढला, जोड तिथेच ठेवला आणि अनवाणी कडेला आला.

“या केव्हापासून आहेत पिशवीत?”

“दोन वर्षं झाली. तुझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून,” दादा म्हणाला. “म्हटलं, बूट ठेवलेस तर अनवाणी कशाला चालायचंस.”

“मग बोलला का नाहीस?”

“तुला अजून खेळायचंय असं वाटलं. मी आपला तुझ्यासाठी येत होतो.”

“आणि मी तुझ्यासाठी.”

दोघांना हसू आवरेना. पदक घालवून हसणारी ही जोडी शेजारचा प्रशिक्षक तोंडाचा आ करून बघत राहिला. दादाने टॉवेलने डोळे पुसले.

“चल,” तो म्हणाला. “आणि आधी बायकोची माफी माग. दोन वर्षं बिचारी माझ्या वाट्याची बोलणी खातेय.”