लेपेकाच्या घराचा वाटा

गावाच्या माशांची वाटणी करणाऱ्या सेमिसीने किनाऱ्यावरच्या ढिगातला सगळ्यात मोठा मासा उचलून कालोलोच्या पायांशी ठेवला आणि पुकारलं, "पाहुण्याचा वाटा!"

कालोलो ओशाळला. तीस वर्षं टोकेलाऊ बेटांचा मंत्री म्हणून त्याने परदेशातल्या सभांमध्ये याच वाटपाचं गुणगान केलं होतं. आमच्याकडे मासे कुणीही पकडो, वाटले जातात माणशी सारखे. टाळ्या पडायच्या. आता मंत्रिपद सुटलं होतं. परवाच सामोआतल्या आपियाहून येणाऱ्या बोटीने तो कायमचा परतला होता आणि लहानपणी आईच्या टोपलीचा कान धरून उभा राहायचा तिथंच आज उभा होता. तोच ओल्या वाळूचा वास. सकाळपासून त्याचं मन भरून आलं होतं.

"लेपेकाचं घर, सात!"

त्याने बोटांवर मोजलं. थोरली बहीण लेपेका, भाचा, भाचेसून, त्यांची चार पोरं. सात झाले. तो त्यांत नव्हताच.

"सेमिसी, लेका, आठ म्हण. मी आता इथंच राहणार आहे."

"मंत्रिसाहेब, मी मासे मोजतो, भाषणं नाही." लोक खदखदून हसले. "घरात माणसं किती, ते घरची बाई सांगते. विचारा तिला."

लेपेका टोपली भरत होती. तिने मान वर केली नाही.

"तीस वर्षं तुला धरूनच आकडा सांगत आले मी," ती म्हणाली. "तू तिकडे खुर्चीत, अन् तुझा मासा इकडे माझ्या टोपलीत. गावानं कधी हूं की चूं केलं नाही. परवा बोटीतून उतरलास आणि बॅगा घेऊन थेट सरकारी पाहुणेघरात गेलास. मी नीरफणस भाजून वाट बघत बसलेली. काल याला सांगितलं, सात कर."

कालोलोने पाहुणेघराकडे पाहिलं. दर दौऱ्यात बॅगा तिथंच जायच्या. परवाही पाय आपोआप तिकडे वळले. तेव्हा त्याला त्यात काही वावगंही वाटलं नव्हतं, आणि तेच आता फार लागलं.

मोठा मासा त्याने सेमिसीच्या ढिगात परत ठेवला. पाहुणेघरातून बॅगा स्वतः उचलून आणल्या आणि बहिणीच्या दारात टेकवल्या. लेपेकाने एकदा बॅगांकडे पाहिलं, एकदा त्याच्या इस्त्रीच्या सदऱ्याकडे.

"सदरा काढ आधी," तिने त्याच्यापुढे सुरी सरकवली. "खवले उडतात."

टोपलीत मासे सातच होते. ताटल्या मात्र तिने आठ मांडल्या.