काकडी, बटाटा आणि सासूबाई

माझ्या लेकीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आहेत. आज हे मी निवांत सांगते आहे, पण मागच्या महिन्यात या वर्तुळांनी आमच्या घराची झोप उडवली होती. आमची म्हणजे माझी आणि नवऱ्याची. लेक मात्र डाराडूर झोपायची. तेच तर दुखणं होतं. झोप पुरत नाही म्हणावं, तर उन्हं अंगावर आली तरी बाईसाहेब कूस बदलत नव्हत्या.

झालं असं, की एका मोठ्या हॉटेलात स्वागतकक्षातल्या नोकरीसाठी तिची मुलाखत झाली. उत्तरं तिने फाडफाड दिली. उठताना समोरच्या बाई मायेनं म्हणाल्या, "बरं नाही का वाटत? थोडं पाणी घेतेस?" तीन आठवड्यांनंतरच्या सोमवारी दुसऱ्या मुलाखतीला बोलावलं, पण ते पाणी हिच्या घशाखाली काही उतरेना. लहानपणापासून ती हेच ऐकत आली होती. रडलीस का, आजारी आहेस का, घरात काही झालंय का. घरी आल्या आल्या तिने जाहीर केलं, "वर्तुळं गेल्याशिवाय मी तिथे पाऊल टाकणार नाही. दारातच आजारी बाई उभी केली तर पाहुणे मुक्काम करतील का?"

ही नोकरी तिला मनापासून हवी होती. माणसांशी बोलणं हा तिचा जीव. त्यामुळे मला वाईट वाटलं आणि रागही आला. माझा राग नुसता बसून राहत नाही, कामाला लागतो.

पहिल्यांदा काकडी झाली. तिच्या डोळ्यांवर चकत्या ठेवून मी वळले, की तिचे बाबा उरलेली काकडी मीठ लावून फस्त करायचे. मग बटाट्याचा रस झाला. मग फ्रीजमध्ये चमचे ठेवले, तर सकाळी चहात साखर ढवळायला घरात चमचा नाही. बदामाच्या तेलाने उशीचे अभ्रे गेले. शेजारीण म्हणाली, सगळा दोष मोबाईलचा. मोबाईल काढून घेतला, तर लेक दुपारीही झोपायला लागली. वर्तुळं जागच्या जागी.

शेवटी डॉक्टर. त्यांनी पापण्या ओढून पाहिल्या, रक्त तपासून घेतलं. रक्तात लोह भरपूर. शिंका नाहीत, सर्दी नाही, डोळे चोळायची सवय नाही.

"घरात आणखी कुणाला आहेत का अशी?" त्यांनी विचारलं. "बरेचदा हे वारशानेच येतं. कातडी पातळ असते, खालच्या शिरा दिसतात, सावली पडते."

"छे!" मी ठणकावून सांगितलं. "माझ्या माहेरी कुणाला नाहीत. हे तुमच्यासमोरच बसलेत. आणि सासूबाईंच्या चेहऱ्यावर तर डाग शोधून सापडायचा नाही."

"आईचे डोळे फार सुंदर होते," नवऱ्याने मान डोलावली.

खरं तर सासूबाईंना मी कधी पाहिलेलं नाही. नवरा शाळेत असतानाच त्या गेल्या. पण आमचा फोटो स्टुडिओ आहे, सासऱ्यांनी थाटलेला, घराच्या खालीच. तिथे काउंटरच्या मागे त्यांचा हा एवढा मोठा फोटो आहे. लख्ख चेहरा. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्या फोटोलाच सासूबाई म्हणत आले.

डॉक्टर म्हणाले, "मग झोपेकडे लक्ष द्या." माझी लेक तिथेच फस्सकन हसली.

त्याच आठवड्यात मावशी आल्या. मावशी म्हणजे नवऱ्याच्या, सासूबाईंची धाकटी बहीण. फार लांब राहतात. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांना सगळं स्वच्छ दिसायला लागलंय, त्यामुळे सगळ्यांना बघून येण्याचा सपाटा लावलाय. आमच्या लेकीला त्यांनी शेवटचं पाहिलं तेव्हा ती दुपट्यात होती.

बॅग दारातच टाकून त्या थबकल्या. मग लेकीची हनुवटी धरून तिला खिडकीशी नेलं आणि डोळ्यांखालून अंगठा फिरवला.

"अगं बाई! ही तर आमची ताई!" मावशी ओरडल्याच. "तीच घडण, तीच निळसर वर्तुळं. सकाळी ती उठली की आम्ही तिला घुबड म्हणायचो."

"मावशी, आईला कुठे होती वर्तुळं?" नवरा म्हणाला. "फोटो बघ की खाली."

मावशी खोकला येईपर्यंत हसल्या. "मेल्या, तो फोटो काढला कुणी? तुझ्या बापानं! हातात पेन्सिल आली की त्या माणसाला थांबणं माहीत नव्हतं. ताई दर फोटोला भांडायची, ही कोण बाई घरात आणलीत म्हणून!"

मी कपाळावर हात मारला. सासऱ्यांची ती पेन्सिल मी पाहिली होती. तेव्हा कॉम्प्युटर कुठले! काचेच्या टेबलाखाली दिवा लावायचा, वर निगेटिव्ह ठेवायची आणि बारीक टोकाच्या पेन्सिलीने तिच्यावर हळूहळू शिसं चढवायचं. निगेटिव्हवर जिथे शिसं चढेल, तिथे फोटोत चेहरा उजळतो. सासऱ्यांच्या हाताखालून कुणी थकलेलं बाहेर पडलंच नाही. आणि माझा नवरा! सकाळपासून संध्याकाळपर्यंत लोकांच्या डोळ्यांखालची वर्तुळं पुसून पोट भरतो. पण आपल्या आईचीही कुणी पुसली असतील, हे त्याच्या डोक्यात शिरलं नाही. दिव्याखाली अंधार तो हाच.

मी बोलणार होते, भरपूर बोलणार होते. पण त्याच्याकडे पाहिलं आणि गप्प बसले.

"मला आई फोटोतलीच आठवते," तो म्हणाला. "खरी आठवतच नाही गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने माळ्यावरून जुने पत्र्याचे डबे काढले. सासऱ्यांचं काम नीटनेटकं, घरच्यांच्या निगेटिव्ह वेगळ्या ठेवलेल्या. हवी ती सापडल्यावर त्याने ती उजेडात तिरपी धरली. डोळ्यांखाली शिसं चकाकत होतं.

"टर्पेंटाइन दे," तो म्हणाला.

"अहो, त्या मोठ्या फोटोची एकुलती एक निगेटिव्ह ती! वाट लागेल!"

"पेन्सिलच जाईल. खालचं जागेवर राहील."

लेक दिवा धरून उभी राहिली. मावशी खुर्ची ओढून बसल्या. त्याने कापसाचा बोळा भिजवला आणि तान्ह्या बाळाचा चेहरा पुसावा तसा फिरवला. बोळा करडा झाला. दुसरा घेतला, तोही करडा झाला. तिसरा पांढरा राहिला, तेव्हा त्याने निगेटिव्ह वाळवून स्कॅनरवर ठेवली.

पडद्यावर सासूबाई आल्या. मला पहिल्यांदाच भेटल्या म्हणा ना. डोळ्यांखाली दोन गडद कोरी, अगदी आमच्या लेकीच्या, आणि त्या कोरींवर मिश्कील डोळे. फोटो काढणाऱ्याला काहीतरी टोमणा मारून नुकत्याच थांबल्यासारख्या. भांडखोर होत्या तर! मला त्या एकदम आवडल्या.

"शाळेतून आलो की अशीच बघायची," नवरा म्हणाला आणि सरळ रडायला लागला. मावशींनी त्याच्या पाठीवर हात ठेवला.

लेक पडद्याच्या अगदी जवळ जाऊन कितीतरी वेळ बघत राहिली.

"आजी किती छान दिसते," ती म्हणाली. मग आपण काय बोललो ते तिला कळलं असावं. तिने दिवा खाली ठेवला आणि आपल्याच डोळ्यांखाली हलकेच बोट टेकवून पाहिलं.

सोमवारी मी वर्तुळं झाकायचं मलम आरशापुढे मुद्दाम काढून ठेवलं होतं, हो, उगाच जोखीम कशाला. ते तिथेच राहिलं. तोंड धुऊन, केस बांधून ती गेली.

संध्याकाळी जिन्यातूनच ओरडत आली, "पहिल्या तारखेपासून या म्हणाले!"

मावशींनी तिच्या तोंडात साखर घातली. मला मात्र राहवेना. "त्या बाईंनी पुन्हा विचारलं का गं, बरं नाही का म्हणून?"

"विचारलं ना."

"मग?"

"म्हटलं, मी ठणठणीत आहे. आजीवर गेलेय."