फोटोपुरतं

ताईंनी भिंगरीच्या स्वेटरचं पहिलं बटण काढलं तेव्हा तिचं अर्धं लक्ष वहीतल्या भागाकारात होतं.

"थंडी वाजतेय, ताई."

"फोटोपुरतं गं."

देणगी देणाऱ्या संस्थेने पाठवलेला फोटोग्राफर खिडकीशी उभा होता. मुलगा सभ्य होता, ओशाळल्यासारखा बोलत होता. "लाल रंग फार उठून दिसतो हो. नवाकोरा वाटतो. बघणाऱ्याला वाटायचं, यांना कशाला हवेत पैसे?"

"खरंय," ताई म्हणाल्या आणि शेवटचं बटण काढलं.

शाळा सुटल्यापासून आईवडील कामावरून परतेपर्यंत मुलं या खोलीत बसायची. खोली सायकलच्या दुकानावरची. भाडं थकलं होतं. मालकाने महिनाअखेरीस रिकामी करा म्हणून सांगितलं होतं. अर्ज धाडायची एकही संस्था ताईंनी शिल्लक ठेवली नव्हती. त्यातली ही एकटीच 'बघू' म्हणाली होती.

"रडकं तोंड करू का?" भिंगरीने विचारलं.

"करायचं कशाला? आहेच की!" मागून कुणीतरी ओरडलं. खोलीत हशा पिकला.

"नको, नुसती इकडे बघ," फोटोग्राफर म्हणाला.

ती बघत राहिली. तिच्या दंडांवर काटा आला होता. फोटो छान आला.

पैसे मंजूर झाल्याचा फोन आला तेव्हा ताई फळा पुसत होत्या. फोन ठेवून त्यांनी उरलेला अर्धा फळा पुसला. पैसे जमा झाले त्या दिवशी खाली दुकानात जाऊन मालकाच्या हातात थकलेलं भाडं ठेवलं.

"लॉटरी लागली वाटतं!" तो म्हणाला. "मग तोंड का असं, एरंडेल प्यायल्यासारखं?"

"असंच आहे माझं तोंड," ताई म्हणाल्या.

भिंगरीची आई लाँड्रीत इस्त्री करायची. रोज दारातूनच मुलीला हाक मारणारी ती बाई एका संध्याकाळी आत आली.

"ताई, बसथांब्यावर मोठा फोटो लागलाय हिचा."

"हो."

"अंगात स्वेटर नव्हता. हरवला होता का तेव्हा?"

ताईंनी टेबलावरचे खडू गोळा करून पेटीत ठेवले.

"हो. पण लगेच सापडला."

"मग ठीक." बाईचे खांदे सैल झाले. "मला आपलं वाटलं, मी विणलेला म्हणून लाजते की काय पोरगी."

काही दिवसांनी तिने दुसरा विणून आणला. उरल्यासुरल्या लोकरीचा, एक बाही निळी. "असू दे इथेच. परत हरवला तर कुडकुडायला नको."

ताईंनी तो दाराजवळच्या खिळ्याला अडकवला.

पुढच्या हिवाळ्यात फोटोग्राफर पुन्हा यायचा होता. पुढच्या वर्षीचे पैसे त्याच्या फोटोंवर ठरायचे होते. जिन्यावर पावलं वाजली तशी भिंगरीने पेन्सिल खाली ठेवली. कुणी काही म्हणायच्या आत तिने आपली आपण बटणं काढली, लाल स्वेटरची घडी घातली आणि ती ताईंपुढे धरली.

ताईंनी स्वेटर घेतला. खिळ्यावर, निळ्या बाहीच्या स्वेटरवर नीट अडकवला.

"आज कुठे बघू?" भिंगरीने विचारलं.