रिकाम्या रांगेतला पहिला

यवतमाळहून पांढरकवड्याची एसटी पकडताना आभाने आईला सांगितलं, कामासाठी जातेय. ते खोटं नव्हतं. प्रोग्रामने काय करायला हवं हे ज्या भाषेत नेमकं लिहितात, त्या भाषेतल्या वाक्यांचे गणिती अर्थ ठरवणं हे तिचं काम. ते तिने आणि सलीलने मिळून सुरू केलं होतं. मग त्याच्या वडिलांना, पुंडलिकरावांना लकवा झाला आणि संशोधन सोडून सलील गावी, पांढरकवड्याला, घरचे ट्रक सांभाळायला गेला.

एका नियमावर दोघांचं कधी जमलं नाही. रांग रिकामी असेल, तर 'रांगेतला पहिला' म्हणजे कोण? आभा म्हणायची, कोणीच नाही. त्याच्याबद्दलचं वाक्य खरंही नाही, खोटंही नाही. सलील म्हणायचा, कोणीतरी आहेच, फक्त कोण ते आपल्याला ठाऊक नाही. या भांडणात मेसमधलं वरण ताटातच थिजायचं. आता नियम पक्का करायची वेळ आली होती.

ती पोचली तेव्हा सलील ट्रकच्या ऑफिसात टायरवाल्याशी फोनवर बोलत होता. तिला पाहून त्याने फोन ठेवला, चहा सांगितला.

"इतक्या दूर कायले आली? फोन कराचा ना."

"फोनवर भांडता येत नाही," म्हणत तिने आपला नियम लिहिलेला कागद पुढे सरकवला.

त्याने तो पूर्वीसारखाच ओठ हलवत वाचला. त्याच्या आक्षेपांवर तिची उत्तरं तयार होती.

"तुह्यंच ठेव. बरोबर आहे."

"तुला पटलं?"

"मले आता त्यातलं काही आठवून नाही राह्यलं, आभा."

मग ती पुंडलिकरावांच्या तब्येतीचं विचारत बसली. चहा संपला, ती निघाली.

परतीच्या एसटीत तिने त्याची बाजू स्वतःच मांडून पाहिली, त्याच्याच हट्टाने. रुंझा गाव मागे पडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं, की रांग रिकामी असली तर तिच्या नियमात 'पहिला म्हणजे पहिलाच' एवढं साधं वाक्यही खरं ठरत नाही. सलीलच्या नियमात ठरतं.

घरी पोचताच तिने फोन लावला. "तुझा नियम घेतेय."

"काहून?" त्याने विचारलं. आवाज एकदम जुना, भांडायला बसलेला.

ती घाईघाईने सांगू लागली. तेवढ्यात पलीकडून कोणीतरी डिझेलचं विचारलं.

"थांब, फोन करतो मंग," तो म्हणाला.

जेवताना तिने फोन ताटाशेजारीच ठेवला.